म्हणे

फोन मी इतक्या जोरात गादीवर फेकला की तो उसळून भिंतीला लागला आणि पलंगाखाली गेला.

"वहिनी! मारशील त्याला," केतकी दारातनं ओरडली.

"मरू दे. जिवंत राहून काय दिवे लावले त्यानं?"

केतकी माझी धाकटी नणंद. गौरींसाठी आदल्याच दिवशी पुण्याहून आलेली. तिनं पलंगाखाली हात घालून फोन काढला, ओढणीनं पुसला, उलटसुलट करून बघितला. पुण्यात एका कंपनीत फोनमधले प्रोग्राम नीट चालतात का ते तपासायचं काम होतं तिचं.

"केवढा तापलाय! काय करत होतीस?"

"काही नाही. फळीवर नुसता पडून होता. सकाळी भरून चार्ज केला, आता बघ, अर्ध्याच्या खाली. काल डेपोतनं ड्युटी बदलल्याचं कळवायला फोन करत होते, ह्याच्यावर एक रिंग वाजली नाही. साहेबांनी मेमो काढलाय. आता बोल."

मी एसटीत कंडक्टर. भरलेल्या गाडीत दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवणारी बाई, असं डेपोत माझं नाव होतं. घरात मात्र माझा आवाज भांड्यांइतकाच. त्याचं कारण पुढं येईलच.

"जागाच शिल्लक नाही ह्यात," केतकी फोनवर बोट फिरवत म्हणाली. "हे क्रिकेटचे खेळ कुणाचे? बातम्यांची ही तीन-तीन ॲप्स?"

"माझी नाहीत. दुकानातनं आला तेव्हापासून आहेत. दाबून धरलं, मुळापासनं उपटायला बघितलं, निघत नाहीत मेली."

"नाहीच निघणार. कंपनीनं बसवलेली असतात ती. काढायची तर फोन रूट करावा लागतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे फोनचा पूर्ण ताबा आपल्याकडे घ्यायचा. आत्ता वापरतेस तू, पण आत काय राहणार न् काय जाणार हे कंपनी ठरवते."

"मग घे ताबा. आत्ताच्या आत्ता घे."

ती हसली. "अगं, शेंग सोलल्यासारखं नसतं ते. आधी बॅटरी भरलेली पाहिजे, मधेच बंद पडला की संपलं. मॉडेल कुठलं ते अक्षर न् अक्षर बघायचं, दुसऱ्याच मॉडेलची फाइल घातली की फोनची वीट होते. वॉरंटी जाते. बँकेचं ॲप चालेल याची खात्री नाही. आणि मुख्य म्हणजे कंपनीचं कुलूप उघडतानाच आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून फोटो, नंबर, सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचं. आणि काढताना पण दिसेल ते काढत सुटायचं नाही. नाव कचऱ्यासारखं असतं न् काम महत्त्वाचं असतं. कधी उलटंही असतं."

"कुणाला काय उलटं असतं?" उदय आत आला. कामावर निघालेला, इस्त्रीचा शर्ट, गंध लावलेलं कपाळ.

उदय माझा नवरा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मॅनेजर. गावात त्याला मान होता. वडील गेले तेव्हा केतकी शाळेत होती. तिला इंजिनिअर केलं ते त्यानं. हे ती स्वतःच येईल त्याला सांगायची. दादा म्हणजे तिचं दैवत.

"वहिनीचा फोन साफ करायचा म्हणतेय," केतकी म्हणाली. "रूट करून."

"काही गरज नाही."

इतक्या लगेच बोलला तो की आम्ही दोघींनी वर बघितलं.

"अहो, फोनच लागत नाही. मेमो आलाय मला," मी म्हणाले.

"वॉरंटी जाईल. बंद पडला तर? बँकेचं काय करशील? तिचे हे प्रयोग कंपनीच्या फोनवर ठीक आहेत. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळणीत घातलाय मी तो फोन, रद्दीतला नाही." आवाज नेहमीसारखा मऊ. उदयनं आवाज कधी चढवला नाही. त्याला गरजच पडायची नाही. "दिवाळीला नवीन घेऊ. तोवर ह्याला हात लावायचा नाही. कळलं ना, केतकी?"

"दादाचं खरंय, धोका असतोच," केतकी म्हणाली. तो गेल्यावर मात्र तिनं बॅग उघडून लॅपटॉप काढला. "रूट नाही करत. पण फोटो वगैरे उतरवून घेऊया, जागा तर होईल. त्यात काही धोका नाही."

*

आता ते 'म्हणे'चं सांगते.

पाडव्यानंतर महिना-दीड महिन्यानं ते सुरू झालं. मी ड्युटीवरून यायची, हातपाय धुवायची, आणि ताटावर बसल्या बसल्या उदय म्हणायचा, "आज जतला गाडी लागल्यावर रस प्यायला गेली होतीस म्हणे." किंवा, "सांगलीत स्टँडच्या मागं काय काम होतं म्हणे?" मागं साडीचं दुकान होतं. मी साडी बघायला गेले होते, घेतलीही नव्हती. पण उत्तर देताना माझी जीभ जड व्हायची, जशी काही मी चोरी करून आलेय.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझी माणसं आहेत सगळीकडे," तो हसून वरण वाढून घ्यायचा.

मग मी माणसं शोधायला लागले. ड्रायव्हर असेल? कँटीनवाली? रोज पहिल्या बाकावर बसणारे ते पेन्शनर? गाडीत माझं बोलणं कमी झालं, स्टँडवर मी कुणाकडे बघून हसेनाशी झाले. आणि एक दिवस तो म्हणाला, "ह्या घरात जीव गुदमरतो म्हणे तुझा."

हे वाक्य मी एकाच माणसापाशी बोलले होते. नसीम मुल्ला. माझ्याबरोबर भरती झालेली कंडक्टर, रेस्टरूममध्ये आम्ही दोघी डबा खायचो. माझी भाकरी ती घ्यायची, तिची खिचडी मी.

"नसीम बोलली?" मी विचारलं.

तो नुसता डोळे मिटून हसला, म्हणजे तूच समज.

दुसऱ्या दिवशी मी नसीमला स्टँडवर सगळ्यांदेखत धरलं. ती आधी हसायलाच लागली. मग तिच्या लक्षात आलं, मी खरंच बोलतेय. "उज्ज्वला, तुझ्या नवऱ्याशी मी उभ्या जन्मात बोललेली नाही," ती म्हणाली. "आणि तुझ्याशीपण आता बोलणार नाही." त्यानंतर मी डबा एकटीनं खाल्ला.

*

दुपारी सासूबाई पडल्या होत्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप, त्याला वायरीनं जोडलेला फोन, आणि मी शेजारी शेपू निवडत होते. केतकी मधूनमधून काहीबाही सांगत होती. हे कंपनीचं, हे गुगलचं, हे बिनकामाचं पण निरुपद्रवी. फोटो उतरले, नंबर उतरले.

मग ती बोलायची थांबली.

मी वर बघितलं. ती पडद्याजवळ तोंड नेऊन काहीतरी वाचत होती.

"काय गं?"

"सिस्टिम सर्व्हिस नावाचं आहे एक."

"मग? महत्त्वाचं असेल."

"हं," ती म्हणाली. बोटं भराभर चालली, थांबली, पुन्हा चालली. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. "वहिनी, चहा टाक ना."

"आत्ता? जेवण होऊन—"

"टाक ना गं."

मी चहा ठेवला. मागं वळले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता, वायर गुंडाळलेली.

"झालं?"

"राहू दे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "दादा म्हणतो ते बरोबर आहे. नको हात लावायला. दिवाळीला नवीन घ्या."

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. "म्हणजे तू पण? दादानं डोळे वटारले की तुझी इंजिनिअरिंग संपली? मेमो मला आलाय, केतकी, तुझ्या दादाला नाही!"

तिनं लॅपटॉप उचलून बॅगेत घातला. चहा तसाच गार झाला.

संध्याकाळी उदय आला. जेवताना नेहमीसारखा गप्पा मारत होता, गौरींच्या साड्यांबद्दल, हाराबद्दल. मग भाकरी मोडता मोडता सहज म्हणाला, "लॅपटॉप लावला होतास म्हणे वहिनीच्या फोनला. सांगितलं होतं ना, केतकी?"

मला काहीच वाटलं नाही. सवय झाली होती. मला वाटलं, सासूबाई बोलल्या असतील.

केतकीचा घास मात्र हातातच राहिला. तिनं आईकडे बघितलं. सासूबाई ताकात मीठ ढवळत होत्या. लॅपटॉप कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि दुपारभर त्या झोपलेल्या होत्या. केतकीनं घास ताटात ठेवला. "फोटो काढून घेतले फक्त," ती म्हणाली, आणि हात धुवायला उठली.

*

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. उदय कामावर गेला. संध्याकाळी गौरी आत घ्यायच्या वेळेला येतो म्हणाला. सासूबाई बाहेरच्या खोलीत कापसाची वस्त्रं करत बसल्या. मी मिक्सरवर नारळ वाटत होते. केतकी आली, माझ्या हातातनं झाकण घेऊन भांड्यावर बसवलं आणि मिक्सर चालूच ठेवला. मग माझा फोन उचलून मिक्सरला टेकवून ठेवला, आणि माझा दंड धरून मला मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी नेलं.

"काय चाललंय तुझं?"

"हळू बोल. वहिनी, त्या फोनमध्ये एक ॲप आहे. कंपनीचं नाही. नाव तसं दिलंय, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं आधीपासनंच आहे, काढता येत नाही. पण कंपनीची सगळी एकदम आलेली असतात. हे नंतर घातलंय. दत्तजयंतीच्या सुमाराला."

दत्तजयंती. पाठोपाठ मला आठवलं. काच बसवून आणतो म्हणून उदयनं फोन नेला होता, आणि दिवसभर कोल्ड स्टोरेजवरच राहिला होता तो.

"तू कुठं आहेस ते दाखवतं. फोनवरचं बोलणं ऐकतं. फोन नुसता पडलेला असला तरी आजूबाजूचं ऐकतं. म्हणून तापतो. म्हणून बॅटरी जाते. म्हणून फोन लागत नाही."

"कोण ऐकतं?"

तिनं आत, मिक्सरच्या दिशेनं बघितलं. "ज्या ईमेलवर ते जोडलंय, तो मीच शाळेत असताना उघडून दिला होता. दादाला ईमेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तेव्हा. त्याच्या नावापुढं माझं जन्मसाल घातलं होतं."

मी दगडावर बसले. आतून मिक्सरची घरघर येत होती.

"काल दुपारीच कळलं तुला."

"हो."

"आणि चहा मागितलास."

"काढून टाकणार होते मी," ती म्हणाली. "तुला न सांगता. गुपचूप. म्हटलं, कुणालाच काही कळायला नको, दादाला मी एकटी बोलीन. मग रात्री जेवताना तो म्हणाला... वहिनी, आई झोपली होती गं. मी स्वतः बघितलं होतं."

मला तिच्या मुस्कटात मारावीशी वाटली. खोटं कशाला बोलू? तिच्या दादाची अब्रू झाकायला ती माझ्याच फोनमधनं माझाच पुरावा पुसणार होती. पण ती माझ्यासमोर उभी होती, सांगत होती, आणि हे सांगताना तिचं काय जात होतं ते मला दिसत होतं.

"ऐकव मला," मी म्हणाले.

"काय?"

"ऐकलेलं ठेवलं असेल ना कुठंतरी. ऐकव."

फोनमध्ये काही तुकडे पाठवायचे राहून गेलेले होते. तेही तिनं आदल्या दिवशी बाकीच्या सामानाबरोबर उतरवून घेतले होते. तिनं माझ्या कानात इअरफोन घातला. आधी गाडीचा आवाज, माझी घंटी. मग मी फोनवर आईशी बोलत होते. आईचे गुडघे, आईचा एकटेपणा. मग दार लागल्याचा आवाज आणि पाणी. नळाचं पाणी. मी न्हाणीघरात फोन खिडकीवर ठेवायची, गाणी लावून. त्या दिवशी गाणी नव्हती. मी रडत होते. माणूस दार लावून, पाणी सोडून रडतो ते कुणी ऐकू नये म्हणून.

मी इअरफोन काढला.

"काढून टाकू आता?" केतकीनं विचारलं. "की पूर्ण रूट करून सगळंच—"

"हात लावू नको. सगळं तुझ्याकडं उतरलंय?"

"उतरलंय. दोन ठिकाणी ठेवलंय. ॲपचे, ईमेलचे फोटोसुद्धा काढलेत."

"मग राहू दे ते तिथंच."

मी आत गेले. मिक्सर बंद केला. फोन घेतला आणि तो घेऊन माजघरात आले. शेजारी बाहेरच्या खोलीचं दार उघडं होतं, सासूबाई तिथं कापूस पिंजत होत्या. मी फोन पाटावर ठेवला, त्याच्यासमोर बसले, जशी जेवायला बसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याशी मी अहो-जाहोशिवाय बोलले नव्हते.

"उदय," मी म्हणाले. "ऐकतोयस ना? ऐक. आज तुझ्याचसाठी बोलतेय.

"तू रसाचं विचारलंस. होय, प्याले मी रस. आलं-लिंबू घालून. ऊन मी म्हणत होतं, आणि मी सकाळपासनं उभी होते. तुझी माणसं आहेत सगळीकडे? तुला माणूसच नाही एक. तू त्या थंडगार खोलीत कानात इअरफोनचे बोळे घालून बसतोस आणि बायकोचं न्हाणीघरातलं रडणं ऐकतोस. ते ऐकून एकदा घरी येऊन विचारलंस, का रडलीस? नाही. तू काय केलंस? तू वरण वाढून घेतलंस.

"मी ड्रायव्हरवर संशय घेतला. कँटीनवालीवर घेतला. नसीमला भर स्टँडवर बोलले मी. ती खोटारडी नव्हती. तू होतास. आणि तू डोळे मिटून हसलास! नाव घ्यायचीसुद्धा तुझी छाती झाली नाही.

"साठ माणसांची गाडी सांभाळते मी. मला राखण नको. आणि चोर पाळायची तर अजिबात हौस नाही. आता हे सगळं मी आईंना ऐकवणार. मग डेपोत नेऊन ऐकवणार. मग तुझ्या कोल्ड स्टोरेजच्या मालकांना. कळू दे गावाला, शेवाळे साहेब दुपारचे काय ऐकतात ते."

माझा आवाज गाडीतला झाला होता. कधी झाला कळलं नाही. दारात सासूबाई उभ्या होत्या, मांडीवरचा कापूस पदराला चिकटलेला.

"कुणाशी भांडतीयास गं?" त्या म्हणाल्या. "फोनवर कोण आहे?"

"कुणी नाही, आई," मी म्हणाले. "फोन लावलेलाच नाही. बघा."

त्यांनी फोन बघितला. काळा पडदा. मग माझ्याकडे बघितलं, मला काही झालंय का म्हणून. मलाही वाटलं क्षणभर, की मी वेडी झाले. त्यानं ऐकलंच नसेल तर? तो तिकडं गाडीतनं पेट्या उतरवून घेत असेल तर?

केतकी खाली मान घालून भिंतीला टेकली होती. आम्ही तिघी तशाच थांबलो. दहा मिनिटं गेली असतील. सासूबाईंनी पुन्हा विचारलं, काय झालंय, कुणीतरी सांगा. आणि तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल वाजली.

उदय चपला न काढता आत आला. शर्ट पाठीला चिकटलेला. कपाळावरचं गंध घामानं नाकापर्यंत ओघळलेलं. त्याचे डोळे आधी पाटाकडे गेले. फोनकडे.

"अरे?" सासूबाई म्हणाल्या. "तू संध्याकाळी येणार होतास ना? कुणी बोलावलं तुला?"

उदय पाटापाशी आला.

"सांगा की," मी म्हणाले. "आई विचारतायत. कुणी बोलावलं?"

"मी... डोकं दुखत होतं," उदय म्हणाला. आणि पुढं वाकून त्यानं फोन उचलला. मी अडवलं नाही. त्यानं तो फरशीवर आपटला. एकदा आपटून भागलं नाही, टाचेखाली घेतला. काचेचे तुकडे बाहेरच्या खोलीतल्या कापसापर्यंत उडाले.

"फोड," केतकी म्हणाली. "सगळं उतरवून घेतलंय मी, दादा."

तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "तुला कळतंय का तू काय करतीयस? माझ्या घरात राहून? अगं काळजीपोटी केलं मी. दिवसभर परक्या माणसांत असते ती, रात्रीअपरात्री मुक्कामाची ड्युटी, कुठं काय झालं तर? आई, तूच सांग, नवऱ्यानं काळजी करायची नाही?"

सासूबाईंना अजून नीट उमगलं नव्हतं. त्या हळूहळू जोडत होत्या, एक एक. "फोनमधनं ऐकतोस तू? इथलं?"

"आई, तुला नाही कळायचं त्यातलं."

"हा फोन सारा दिवस फळीवर असतो. म्हणजे मी बोलते तेपण?" त्यांनी पदर घट्ट घेतला, जसं कुणी परका घरात शिरलाय. "मी देवापुढं काय काय बोलते रे. तुझ्याबद्दलसुद्धा बोलते."

"आई, तसं नाही—"

"दादा," केतकी म्हणाली.

तिचा आवाज अगदी बारीक होता.

"मी हॉस्टेलला गेले तेव्हा मला फोन तू घेऊन दिला होतास. स्वतः सगळं घालून, सुरू करून. कॉलेजात माझं सोहमशी जमलं होतं, ते घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. तू एका रविवारी आलास आणि त्याच्या रूमवर गेलास. तुला कुणी सांगितलं होतं?"

"तो मुलगा तुझ्या लायकीचा नव्हता."

"कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्या मैत्रिणीनं."

"कुठल्या?"

उदय खाली तुकड्यांकडे बघत राहिला.

"मी माझ्या खोलीतल्या रेवतीला विचारलं होतं," केतकी म्हणाली. "ती शपथेवर नाही म्हणत होती. मी खोली बदलली. शेवटच्या वर्षाला ती माझ्यासमोरून जायची आणि मी तोंड फिरवायची. दादा, नाव सांग ना. एक तरी नाव सांग."

त्याला तेवढंसुद्धा खोटं सुचलं नाही. मी तेव्हा केतकीकडे बघत होते, आणि तिचा चेहरा असा काही बदलला की माझा राग मला थोडा वेळ लहान वाटला. मला नवऱ्यानं फसवलं होतं; असले नवरे जगात असतात हे मला निदान ऐकून माहीत होतं. तिचा बापासारखा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत संपत होता.

तिनं आत जाऊन बॅग आणली. लॅपटॉप छातीशी धरला. "चल, वहिनी. ठाण्यात."

"कुठं निघालात?" उदय दारात आडवा झाला. "आज गौरी यायच्यात घरात. सणासुदीचं पोलिसांत जाणार? लोक काय म्हणतील?"

सासूबाईंनी त्याला हातानं बाजूला सारलं. त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी बाई, पण तो सरला.

"जावा तुम्ही," त्या म्हणाल्या. "गौरी मी एकटी आत घेईन."

*

पुढचं थोडक्यात सांगते. मी त्या घरात पुन्हा राहिले नाही. आधी आईकडे, मग डेपोजवळ खोली घेऊन. फारकत मिळायला खूप काळ लागला, आणि त्या काळात गावातल्या अर्ध्या लोकांनी मला सांगितलं की मारत नव्हता, पीत नव्हता, मग तुझं दुखलं कुठं. नसीमकडे मी गेले. तिनं दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तेव्हाच विचारलं असतंस तर? विचारलं नाहीस, धरलंस." आम्ही आता बोलतो, पण डबा एकत्र खाल्लेला नाही. त्याचा राग मला उदयवर आहे आणि तो कमी होत नाही. व्हावा असं मला वाटतही नाही.

पण त्या दिवशीच्या ठाण्यातलं सांगायचं राहिलं.

हवालदारांनी आमचं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "नवराच आहे ना ओ ताई? परका तर नाही कुणी. लक्ष ठेवतो म्हणजे जीव आहे. सणाचे दिवस, घरी जावा, समजुतीनं मिटवा."

"हवालदार," मी म्हणाले, "ह्या खोलीत तुम्ही साहेबांबद्दल काय बोलता, ते सगळं तुमच्या साहेबांना ऐकू जात असतं तर? जीव आहे म्हणून?"

शेजारच्या टेबलावरचा शिपाई खोकला. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मग केतकीनं उघडून ठेवलेल्या लॅपटॉपकडे. इअरफोन कानाला लावून त्यांनी थोडंसं ऐकलं. पाण्याचा आवाज आला असेल, कारण त्यांनी तो पटकन काढला, आणि नंतर माझ्या नजरेला नजर दिली नाही. पेन उचललं.

माझं नाव, पत्ता, नोकरी लिहून झालं. उदयचं झालं.

"आणि हे सगळं तपासलं कुणी? साक्षीला कोण?"

"मी," केतकी म्हणाली. "केतकी शेवाळे."

"ह्यांच्या कोण तुम्ही?"

"नणंद."

पेन थांबलं. हवालदारांनी डोळे वर केले. "नणंद म्हणजे... ज्याच्यावर तक्रार आहे त्याची बहीण? चुलत, मावस?"

केतकीचे दोन्ही हात टेबलावर होते.

"सख्खी," ती म्हणाली. "लिहा. सख्खी बहीण."